छावणीतला ठेका

माझा उजवा पाय एका जागी राहत नाही. कुठंही बसलो की टाच हलायला लागते. सात वेळा भराभर, मग एक अडखळ, पुन्हा सात. जेवताना बायको माझ्या गुडघ्यावर हात ठेवते. दाबून धरते. लोकांना वाटतं, इतकी वर्षं हेवी मेटल वाजवणाऱ्या माणसाचं असं होणारच. मुलाखतींमध्ये मीही तसंच सांगत आलो. पण तो ठेका माझा नाही. ज्याचा आहे त्याच्याशी मी कसा वागलो, ते परवापरवापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांना होतं, असं मला वाटतं. पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आमचा बँड गेवराई तालुक्यातला. आम्ही चौघं होतो. मी गिटारवर. गाणारा दूध संकलन केंद्रावर कामाला होता. फॅट मोजायच्या मशीनच्या आणि जनरेटरच्या वरताण ओरडून ओरडून त्याचा गळा असा खरवडला होता की मेटलला लागणारी ती पोटातून येणारी गुरगुर त्याला शिकवावीच लागली नाही. बेस वाजवणारा मास्तरांचा मुलगा. आणि ड्रमवर तो.

तो चकलांब्याकडच्या एका वस्तीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरचा. त्यांच्यात जत्रेला ढोल वाजवतात, तेव्हा हात तयारच होते. पायांचं काम त्यानं औरंगाबादच्या हॉस्टेलवरून मी आणलेल्या कॅसेटी ऐकून शिकून घेतलं. मोठा ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून मोडीत घेतलेला. दोन पायांनी वाजवायचं तर दोन पेडल लागतात. एक पुण्याहून आणलं, दुसरं गेवराईच्या वेल्डरनं मोपेडची स्प्रिंग लावून करून दिलं. वेल्डर म्हणाला होता, “शिलाई मशीन करायलाव का काय बे?”

त्या साली पाऊस झालाच नव्हता. आदल्या सालीही धड नव्हता. बेसच्या तारा जुन्या झाल्या की पाण्यात उकळून घेतल्या तर पुन्हा खणखणतात, म्हणून मास्तरांचा मुलगा घरी तारा उकळायला टाकायचा. त्याची आई पातेलं हिसकावून घ्यायची. “लोक घागरीसाठी डोकी फोडायलेत अन् तुला वायरीचा रस्सा सुचायलाय,” म्हणायची. शेवटी असं ठरलं की तारा उकळायच्या, पण त्या पाण्यानं भांडी घासायची.

आम्ही वाजवायचो ते सोसायटीच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. माझे वडील सोसायटीचे चेअरमन. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा, मीही. गोदामात थ्री फेज लाइट होती, ती दिवसा चारच तास यायची. कधी सकाळी, कधी भर दुपारी. ज्या वेळेला येईल त्या वेळेला आम्ही पोचायचो. पत्र्याखाली दुपारी अंगातून पाणी निथळायचं, गिटार हातातून सटकायची, पण लाइट जाईपर्यंत कुणी थांबायचं नाही. गेली की एकदम शांतता व्हायची आणि कान वाजत राहायचे.

फाल्गुनात सोसायटीनं चारा छावणी उघडली. हायवेला लागून मोकळं रान होतं, तिथं शेडनेट बांधून दावणी केल्या. प्रत्येक जनावराच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला. नियम असा की जनावरांजवळ घरचं एक माणूस कायम पाहिजे. सकाळी हजेरी व्हायची. नंबर पुकारला की मालकानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं. तहसीलवाले कधीही तपासणीला यायचे, आणि बिनमालकाचं जनावर दिसलं की सोसायटीनं खोटी जनावरं दाखवली, असा बोभाटा व्हायचा. म्हणून आबा त्या बाबतीत फार कडक. कुणाला लग्नाला, मयतीला जायचं असलं तर बदली माणूस बसवता यायचा. पण तो आबांच्या शब्दावर, मुकादमाच्या वहीत आधी नाव लावूनच. दोन दिवस मालक नाही आणि बदलीही नाही, तर त्या घराची जनावरं छावणीतून बाहेर.

त्याचा बाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं पार लांब गेलेला. आई वस्तीवर, टँकरच्या पाण्यासाठी. म्हणून छावणीत तो बसला. एक बैलजोडी, एक गाय, एक कालवड. बैल त्यानं गोऱ्हे होते तेव्हापासून वाढवलेले. वाजवायला यायचा तेवढे चार तास शेजारच्या दावणीचा म्हातारा लक्ष ठेवायचा. सकाळची हजेरी त्यानं कधी चुकवली नाही.

छावणीत कडबा कुट्टीची मोठी मशीन होती. दिवसभर ऊस, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कडबा तिच्यात जायचे. कोरडं असलं की पातं सरळ चालायचं, पण उसाचं जाड बूड आलं की मशीन क्षणभर अडायची आणि मग अडलेलं भरून काढल्यासारखी धावायची. तो मशीनसमोर उकिडवा बसून ते ऐकत राहायचा. एक दिवस गोदामात आला आणि काही न बोलता वाजवायला लागला. सात घाव, एक अडखळ. दोन्ही पाय मशीनसारखे, आणि वरून हात मात्र हजेरीचे नंबर पुकारल्यासारखे तुटक. आम्ही तिघं बघत राहिलो. गाणारा म्हणाला, “हे मोजायचं कसं बे?” तो म्हणाला, “मोजू नको. ऊस कधी येईल ते ऐक.”

त्यावर मी गिटार बांधली, गाणाऱ्यानं हजेरीचेच शब्द घेतले. नंबर, मालक, हजर, गैरहजर. ते आमचं पहिलं खरं गाणं. त्याआधी आम्ही कॅसेटी वाजवत होतो, इतकंच.

पुण्यातल्या एका स्पर्धेला आम्ही ते टेप करून पाठवलं आणि बोलावणं आलं. त्याच आठवड्यात आबा गोदामावर आले. आम्ही वाजवत होतो. दारात उभं राहून त्यांनी हातानंच बंद करा म्हणून सांगितलं. मग मला म्हणाले, “तिकडं लोकाची जनावरं खुरं घासायलेत अन् चेअरमनचं पोरगं सोसायटीची लाइट जाळून बोंबलायलंय. उद्या सभेत कुणी इचारलं तर म्या काय सांगू?” मी खाली बघत म्हणालो, “बंद करतो.” आम्ही गिटारी, झांजा, पेडल तेवढी बाहेर काढली, आबांनी कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. मी परीक्षेचा अभ्यास करतो, असा शब्द दिला.

पुण्याला दोन दिवस लागणार होते. तो म्हणाला, “मला न्हाई जमायचं. जनावरं हायत.”

“बदली बसवू की.”

“आबा नाव लावतील? त्यांनी तर कुलूप ठोकलंय.”

“लावतील. मी सांगतो.”

मी सांगणार होतो, हे खरं आहे. दोन वेळा आबांच्या खोलीपर्यंत गेलोही. पण सांगायचं म्हणजे ते विचारणार, हा कुठं चाललाय, आणि तुम्ही कुठं चाललाय. शब्द मोडला हे कळणार. पुणं हातचं जाणार. मग मी आमच्या सालगड्याला गाठलं आणि म्हणालो, दोन दिवस तेवढं बस. तो म्हणाला, “आबा म्हणले तर बसतो की.” म्हणजे तेही आबांपाशीच आलं. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या ड्रमवाल्यानं छावणीच्या फाटकाशी मला विचारलं, “सांगितलं का?”

“सांगितलंय. सालगडी बसंल.”

त्यानं गायीच्या पाठीवर हात फिरवला. “हिला उसानं पोट फुगतंय. त्याला म्हणावं वाढेच दे.”

“सांगतो,” मी म्हणालो.

दोन दिवसांत काय होतंय, असं मी स्वतःला सांगत होतो. तपासणी रोज थोडीच असते. शेजारचा म्हातारा आहेच. मुकादम चेअरमनच्या मुलाच्या दोस्ताची जनावरं काढणार आहे थोडीच. एसटीत बसल्यावर तो लगेच झोपला, किती दिवसांनी निवांत झोपला होता कुणास ठाऊक. मी खिडकीशी जागा होतो आणि दर स्टँडवर वाटत होतं, उतरावं, फोन लावावा. नगरला उतरलोही. बूथसमोर उभा राहिलो, नंबर फिरवला, आबांचा आवाज आला आणि मी फोन ठेवून दिला.

स्पर्धा आम्ही जिंकली. बाकीचे बँड चांगल्या कपड्यांतले, चांगल्या गिटारींचे. आमचा तो ठेका सुरू झाला आणि पुढची पोरं मान हलवायला लागली, अडखळीपाशी सगळ्यांची मान चुकायची आणि त्यातच त्यांना मजा यायला लागली. नंतर एका परीक्षकानं त्याला विचारलं, “हे ड्रमिंग कुठं शिकलास?” तो म्हणाला, “छावणीत.” परीक्षकाला वाटलं लष्कराची छावणी. “आर्मी बँड?” त्यानं विचारलं. आम्ही परतीच्या गाडीत त्यावर नगर येईपर्यंत हसलो.

दुपारी उतरलो आणि कप घेऊन तसेच छावणीत गेलो. त्याची दावण रिकामी होती. चार खुंटे, पेंडीचा चुरा, आणि एका खुंट्याला दोरीत ओवून टांगलेले चार बिल्ले.

शेजारचा म्हातारा म्हणाला, “तपासणी आलती बाबा. एक डाव आली, दुसऱ्या दिशी परत आली. मी म्हणलो माझीच हायत, पर नंबर कुठं माझा? तुझ्या माईला निरोप धाडला. आली भर उन्हात चालत, अन् घिऊन गेली.”

“बदली बसला न्हवता?” आमच्या ड्रमवाल्यानं विचारलं.

“कोण बदली?”

तो माझ्याकडं वळला. झांजांची पिशवी त्याच्या खांद्यावरच होती. “आबाला सांगितलं व्हतं ना तू?”

“सांगितलं व्हतं.”

त्यानं खुंट्यावरचे बिल्ले काढून हातात घेतले. मग म्हणाला, “मंग हे मुद्दाम केलंय. माझ्या बापानं सोसायटीला दुसऱ्या पॅनलला मत दिलं, म्हणून.”

मी म्हणालो, “असंल.”

एवढंच बोललो. हे लिहायला बसल्यापासून मी कितीदा उठलो, फेऱ्या मारल्या, पाणी प्यालो. पुण्याला गेलो त्याचं मला तितकं वाटत नाही. वय होतं, हाव होती. पण ते ‘असंल’ कशातच बसत नाही.

वस्तीवर चारा नव्हता. गाय आठवडाभरात बसली ती उठली नाही. बाप मेंढरं तशीच टाकून आला आणि बैलजोडी बाजारात नेऊन उभी केली. पुढच्या हंगामात गाडीला जुंपायला बैल नव्हते, म्हणून पोरगा नुसता कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. त्याच दिवाळीत आम्ही तिघांनी पुण्याला मुक्काम हलवला. आम्ही निरोप धाडले, त्यानं उत्तर दिलं नाही. एकदाच चिठ्ठी आली. लिहिलं होतं, तुझ्यावर राग नाही, पण तुझ्या घरच्या माणसाच्या छायेत उभं राहायचं नाही.

गावात मात्र सगळीकडं झालं की चेअरमननं मतासाठी मेंढपाळाची गाय मारली. छावणीतून काढायच्या जनावरांच्या यादीवर आबांनी सही केली होती, ते खरंच होतं. यादी त्यांच्यापुढं आली तेव्हा त्यांना फक्त नियम दिसला, नंबर दिसले.

एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, “तुमी दोघं संगंच गेलता ना पुण्याला?”

“हो.”

“मंग जनावरापाशी कोण व्हतं?”

“मला न्हाई माहीत.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ताटातच हात धुतला आणि उठले. भाकरी अर्धी तशीच होती. त्यानंतर त्यांनी ना मला काही विचारलं, ना लोकांपुढं खुलासा केला. पुढच्या निवडणुकीला त्या वस्त्यांवरून त्यांना एकही मत पडलं नाही. ते पडले, आणि पडलेल्या माणसाला जे जे ऐकावं लागतं ते त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. माझ्याऐवजी ते बदली बसले, आणि तेही वहीत नाव न लावता.

आम्ही मोठे झालो. हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं, पण झालो. त्या गाण्यानं आम्हाला मुंबईत नेलं, मग बंगळूरला, मग परदेशातल्या मोठ्या उघड्या मैदानांवर. तिथं स्टेजच्या मागंच कुरणं होती, गुडघाभर गवत आणि त्यात निवांत बसलेल्या गायी. मला तिकडं बघवायचं नाही. गाणाऱ्याला वाटायचं मी शोच्या आधी घाबरतो. एका पत्रकारानं ठेक्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, आमच्या भागातला पारंपरिक ठेका आहे. आमचे तीन ड्रमर बदलले. तिघंही त्याच्यापेक्षा तयारीचे. तिघांनीही सात आणि एक मोजून वाजवलं. ऊस कधी येईल, हे कुणालाच ऐकू आलं नाही.

आबा गेले तेव्हा सगळा तालुका आला. तो आला नाही.

मागच्या वर्षी गेवराईत आमचा कार्यक्रम ठरला, मार्केट यार्डाच्या मैदानावर. आपल्या गावात पहिल्यांदा. पाऊस पुन्हा दडी मारून बसला होता. गाणारा म्हणाला, त्याला बोलव, एका गाण्यापुरता बसू दे ड्रमवर, लोक वेडे होतील. मी हो म्हणालो आणि दोन महिने गेलो नाही. मग एका सकाळी उठून गेलो.

वस्तीच्या तोंडाशी त्याची स्वतःची कुट्टी मशीन आहे. आजूबाजूचे लोक कडबा घेऊन येतात, तो कापून देतो. मी गेलो तेव्हा मशीन चालूच होती. केस पिकलेत, अंगानं भरलाय. मला बघून हसला. मशीनच्या आवाजातच ओरडला, “या मोठे लोक. हिकडं कावून वाट चुकलाव?”

मी कार्यक्रमाचं सांगायला लागलो. त्याला ऐकू येईना. मी मोठ्यानं बोललो, मग आणखी मोठ्यानं, आणि एकाएकी जे तोंडून निघालं ते कार्यक्रमाचं नव्हतं. “आबाला मी सांगितलंच नव्हतं.”

त्यानं मशीन बंद केली. “काय म्हणलास?”

मग मी सगळं सांगितलं. आबांच्या खोलीपर्यंत गेलेलो ते, सालगड्याचं, नगरच्या बूथचं. तो कडब्याच्या पेंढीवर बसून ऐकत होता. मला उभंच राहवेना, मी बोलता बोलता मशीनभोवती फिरत होतो. “एका जागी हुबा ऱ्हा,” तो म्हणाला. मी थांबलो.

त्यानं पेंढीतली एक काडी ओढून काढली. मग म्हणाला, “मी मयतीलाबी आलो न्हाई बे त्यांच्या.”

मी मशीनचा दांडा धरून उभा होतो.

“माझा बाप मरंस्तोर त्यांना शिव्या घालायचा. एकदा गेवराईच्या स्टँडवर आबा त्याच्यापाशी आलते, कसे हायसा म्हणाया. बापानं तोंड फिरवलं. मी संगंच व्हतो. मला वाटलं, बरं केलं.” त्यानं हातातली काडी मोडली. “आता हे मी कुणाला सांगू? दोघंबी गेले.”

“तुला हवं तर मी स्टेजवर सांगतो,” मी म्हणालो. “सगळ्या गावापुढं. गाण्याच्या आधी.”

तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. “स्टेजवर सांगशील अन् टाळ्या घेशील. लाल लाइट सोडतील तुझ्यावर. न्हाई. आबाचं नाव जिथं खराब झालं तिथं सांग. सोसायटीच्या सभेत. मी सभासद हाय, तूबी हायस.”

आबांचा सभासद नंबर वारसानं माझ्याकडं आला होता. एकाही सभेला मी गेलो नव्हतो. सभा कार्यक्रमाच्या आधी आठ दिवस होती.

मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा तोही स्टेजकडं. मी कडेला बसलो, टाच हलत होती, खुर्ची कुरकुरत होती. पुढचा माणूस मागं वळून म्हणाला, “भाऊ, जरा.” सेक्रेटरी एकेक विषय वाचत होता, लोक न ऐकताच मंजूर मंजूर म्हणत होते. शेवटचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे. मी उठलो. माईक हातात आला आणि मी बोलायला लागलो.

सांगून झालं. पाच मिनिटंही लागली नसतील. मंडपात मागं कुणीतरी विचारलं, “हे आता कावून?” एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “त्या साली माझीबी म्हैस काढली व्हती. ती कुणी काढली?”

“ती आबानंच काढली,” दुसरा कुणी म्हणाला. “तू हप्ताभर सासुरवाडीला व्हतास.” लोक हसले. म्हाताराही हसला आणि बसला. मला तेही बरं वाटलं. आबा जसे होते तसे मंडपात आल्यासारखं वाटलं, कडक, पण नियमाचे.

सेक्रेटरीनं पेन उचललं. “इतिवृत्तात काय लिहायचं? म्हणजे विषय काय धरायचा?”

मागून त्याचा आवाज आला. तो शेवटच्या रांगेत उभा होता, बसलाच नव्हता. “लिहा, छावणीतली माझी चार जनावरं निघाली त्यात त्या वेळच्या चेअरमनची चूक नव्हती. सभेनं नोंद घेतली.”

“सूचक कोण?”

“मी,” तो म्हणाला.

अनुमोदन त्या म्हैसवाल्या म्हाताऱ्यानं दिलं. सेक्रेटरीनं लिहून घेतलं, आणि चहा आला.

मी गर्दीतून वाट काढत बाहेर आलो तेव्हा तो गाडीला किक मारत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, “कार्यक्रमाला ते गाणं घिऊ नको.”

“नाही घेत.”

गाडी चालू झाली. तो क्षणभर तसाच बसून राहिला, एक पाय जमिनीवर. “अजून न्हाई,” म्हणाला, आणि चकलांब्याच्या रस्त्याला लागला.

आम्ही ते गाणं घेतलं नाही. मैदानातली पोरं शेवटपर्यंत तेच मागत होती, पायानं ठेका धरून, सात आणि एक, अडखळीपाशी चुकत. मी स्टेजच्या कडेला उभा राहून त्यांच्या डोक्यांवरून फाटकाकडं बघत होतो, तो कुठं दिसतो का. माझी टाच हलत होती ती मी या वेळी थांबवली नाही.